भोंगा वाजतो कसा? विजेचा आवाज कसा होतो, कॉइल का जळते आणि वॅट वाढवूनही शब्द का कळत नाहीत

गावात पूर्वी दवंडी पिटायचे, आता ग्रामपंचायतीच्या छपरावरचा भोंगा वाजतो. नळाला पाणी कधी येणार, रेशन कधी वाटणार, लसीकरण कुठल्या शाळेत आहे, ग्रामसभा किती वाजता, हे सगळं त्याच्यावरूनच कळतं. जत्रेत हरवलेलं पोरगं त्याच्यामुळंच आईला सापडतं. नदीकाठच्या गावांत तर पावसाळ्यात भोंग्याचं काम फार जोखमीचं. धरणातून आठ हजार क्युसेक पाणी सोडलं की साठ हजार, यात केवढा फरक आहे ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पण भोंगा घोगरा असेल तर 'साठ' मधला 'स' ऐकूच येत नाही आणि ऐकणारा 'आठ' समजून झोपी जातो.

बोललेलं कळत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच उपाय निघतो, मशीन मोठं आणा, वॅट वाढवा. पैसे जातात, थोड्या दिवसांनी कॉइल जळते आणि शब्द काही कळत नाहीतच. असं का होतं हे समजून घ्यायचं तर स्पीकरच्या पोटात वीज काय करते ते बघावं लागेल. त्यात अवघड काही नाही. ज्याला विहिरीवरची मोटार कळते त्याला भोंगा कळतो, कारण दोन्हीचं काम एकच आहे.

आवाज म्हणजे हलणारी हवा

ढोलावर टिपरू पडलं की कातडं पुढं-मागं थरथरतं. पुढं आलं की समोरची हवा दाबली जाते, मागं गेलं की तिथं हवा विरळ होते. हा दाब एका थरातून दुसऱ्या थरात सरकत आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येतो आणि तो पडदा तसाच थरथरतो. आवाज म्हणजे एवढंच. हवा ढोलापासून कानापर्यंत वाहत येत नाही, फक्त धक्का पुढं जातो. हा धक्का सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो.

एका सेकंदात किती वेळा पुढं-मागं झालं त्याला हर्ट्झ म्हणतात. माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढलं की वरचा आकडा खाली येतो. गड्याच्या आवाजाची मूळ पट्टी १०० हर्ट्झच्या आसपास, बाईमाणसाची २०० च्या आसपास असते. पण 'स', 'श', 'त', 'ट', 'क', 'फ' ही अक्षरं ओळखू येतात ती २,००० हर्ट्झच्या वरच्या आवाजावरून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वीज स्वतः आवाज करत नाही, तिला काहीतरी हलवावं लागतं. डीपीजवळ उभं राहिलं की गुणगुण ऐकू येते ना? आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यामुळं ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या पत्र्या सेकंदाला १०० वेळा किंचित लांब-आखूड होतात, त्याची ती गुणगुण. डीपीत हा आवाज नको असताना होतो. स्पीकरमध्ये तो हवा तसा, हवा तेवढा करून घेतात.

स्पीकर म्हणजे मोटारच

१८२० मध्ये कोपनहेगन इथं ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला दिसलं की तारेतून करंट सोडला की शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. म्हणजे करंट वाहणारी तार स्वतःच चुंबकासारखी वागते. पुढच्याच वर्षी फॅरडे यांनी चुंबकाजवळ करंटची तार गोल फिरवून दाखवली. आपली पाण्याची मोटार तिथूनच निघाली.

नियम सोपा आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तार ठेवून तिच्यातून करंट सोडला की तारेला ढकल बसते. करंट उलटा केला की ढकल उलटी. करंट जास्त तर ढकल जास्त. मोटारीत या ढकलीनं रोटर गोल फिरतो. स्पीकरमध्ये तीच ढकल तारेच्या वेटोळ्याला पुढं-मागं करते. मोटार गोल फिरते, स्पीकर पुढं-मागं हलतो, फरक एवढाच.

स्पीकरच्या पोटात काय असतं

जुना, फाटलेला स्पीकर घरात असेल तर तो उघडून बघत पुढचं वाचा, लवकर समजेल.

मागं काळी जाड चकती दिसते ते फेराइटचं लोहचुंबक. हल्लीच्या हलक्या स्पीकरमध्ये निओडिमियमचं छोटं चुंबक असतं. चुंबकाला लागून लोखंडाच्या प्लेटा आणि मधे एक लोखंडी ठोकळा असतो. त्यांच्यामध्ये गोल, अगदी अरुंद फट असते. चुंबकाचा सगळा जोर या फटीत गोळा केलेला असतो.

या फटीत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं तरंगत असतं. ती व्हॉइस कॉइल. हाच स्पीकरचा जीव. वेटोळं पुढं कागदी शंकूला चिकटवलेलं असतं, त्याला मेकॅनिक लोक पेपर म्हणतात. कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहावी, कडेला घासू नये म्हणून मागच्या बाजूला नाळ्या-नाळ्याची कापडी चकती असते, ती स्पायडर. पेपरची बाहेरची कड रबराच्या किंवा फोमच्या घडीनं पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. स्पायडर आणि ही घडी मिळून स्प्रिंगचं काम करतात, कॉइलला परत जागेवर आणतात. मधली टोपी धूळ आत जाऊ नये म्हणून. त्या फटीत लोखंडाचा एक कीस जरी गेला तरी कॉइल घासते आणि खरखर सुरू होते.

जोर किती लागतो तेही बघा. समजा फटीत चुंबकाचं क्षेत्र १ टेस्ला आहे आणि कॉइलची ८ मीटर तार त्यात गुंडाळलेली आहे. तिच्यातून १ अँपिअर करंट गेला तर ८ न्यूटन ढकल बसते, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम वजनाएवढी. पेपर आणि कॉइल मिळून वजन काही ग्रॅमचंच असतं, त्यामुळं ती सेकंदाला शेकडो, हजारो वेळा हलू शकते.

छपरावरच्या भोंग्याच्या मागं जो डबा स्क्रूनं बसवलेला असतो त्याला युनिट म्हणतात. त्यातही हेच सगळं असतं, फक्त मोठ्या पेपरऐवजी छोटा, घट्ट, वाटीसारखा पडदा असतो. त्याला डायफ्राम म्हणतात.

माईकपासून भोंग्यापर्यंत

सभेत वापरतात तो साधा माईक म्हणजे उलटा स्पीकर. त्यातही चुंबक, कॉइल आणि पडदा असतो. आपण बोललो की हवा पडद्याला हलवते, पडदा कॉइलला हलवतो आणि चुंबकात हललेल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. पण ती इतकी थोडी असते की काही मिलिव्होल्टमध्येच मोजायची. स्पीकरला बोलूनही अशी वीज निघते. म्हणून जुन्या इंटरकॉमला एकच स्पीकर बोलायलाही वापरायचे आणि ऐकायलाही.

ही इवलीशी वीज मशीनमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये जाते. मशीन तिला मोठी करतं असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे मशीन लाइटीची किंवा बॅटरीची ताकद घेतं आणि माईकच्या विजेच्या चालीनं ती पुढं सोडतं. पाटाचं पाणी दारं धरून कमी-जास्त करावं तसं. हात थोडासाच हलतो, पाणी मात्र पाटाचं असतं. तो करंट कॉइलमध्ये जातो, बोलणाऱ्याच्या घशाच्या चालीनं पुढं-मागं होतो, आणि पडदाही तसाच हलतो.

ही कल्पना जुनी आहे. १८७४ मध्ये जर्मनीत वर्नर सीमेन्स यांनी चुंबकात हलणाऱ्या कॉइलचं पेटंट मागितलं, पण तेव्हा तिला द्यायला आवाजाची वीजच नव्हती. ग्रॅहॅम बेल यांचा टेलिफोन १८७६ चा. १९१५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात जेन्सेन आणि प्रिडहॅम या दोघांनी हलत्या कॉइलला कर्णा जोडून मोठ्या जमावाला भाषण ऐकवलं. त्यांनी त्या यंत्राला मॅग्नाव्हॉक्स म्हणजे 'मोठा आवाज' असं लॅटिन नाव दिलं. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा स्पीकर नीट मांडून दाखवला. आज टीव्ही, मोबाईल, ट्रॅक्टरचा टेप या सगळ्यात त्याच पद्धतीचे स्पीकर आहेत.

डबा कशाला, कर्णा कशाला

उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज पोकळ येतो. कारण पेपर पुढं गेला की समोर दाब वाढतो आणि त्याच वेळी मागं दाब कमी होतो. समोरची हवा कडेनं वळून मागं जाते, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. जाड आवाजाचं तर हे हमखास होतं, कारण त्याच्या लाटा लांब असतात. १०० हर्ट्झची एक लाट ३.४ मीटर लांब, १,००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर, १०,००० हर्ट्झची ३.४ सेंटिमीटर. फळीला भोक पाडून त्यावर स्पीकर बसवला की लगेच बेस वाढतो, डब्यात बसवला की आणखी वाढतो. डबा शोभेसाठी नसतो, मागचा आवाज अडवायला असतो.

कर्ण्याचं काम वेगळं. पेपर जड, हवा हलकी, त्यामुळं पेपरचा बहुतेक जोर हवेला लागतच नाही. रिकाम्या हवेत बुक्की मारल्यासारखं होतं. साध्या कागदी स्पीकरला दिलेल्या विजेतली जेमतेम एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी आवाज होते. बाकीची ९९ टक्के कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. कर्ण्याचं तोंड युनिटजवळ अगदी अरुंद असतं, तिथली हवा कोंडलेली असल्यामुळं पडद्याला चांगला नेट लागतो. पुढं कर्णा हळूहळू रुंद होत जातो आणि तो दाब मोकळ्या हवेला सोपवतो. म्हणून चांगला कर्णा दहा-वीस टक्क्यांपर्यंत विजेचा आवाज करू शकतो. तमाशातली तुतारी किंवा सनईचं पुढचं तोंड रुंद असतं ते याच कारणानं.

भोंग्याच्या मधोमध घंटेसारखी दुसरी वाटी दिसते. आवाज आधी पुढं, मग वाटीला लागून मागं, मग पुन्हा पुढं असा घडी घातलेल्या वाटेनं येतो. लांब कर्णा त्यामुळं थोडक्या जागेत बसतो. पण एवढ्या आकाराच्या भोंग्यातून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज नीट निघत नाही. बोलायला तो उत्तम, ढोल-ताशाच्या गाण्याला नाही. त्याच्यातून गाण्याचा बेस काढायचा प्रयत्न म्हणजे बैलाला पोहायला लावून शर्यत जिंकायला निघण्यासारखं आहे.

वॅट दुप्पट, आवाज दुप्पट? नाही

आवाज मोजायचं माप डेसिबल. त्याचा हिशोब साध्या बेरजेचा नाही. तीन गोष्टी पाठ करून ठेवाव्यात.

- वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला हा फरक जेमतेम कळतो.
- आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॅट दहापट.
- मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात.

आता उदाहरण घेऊ. एक भोंगा १ वॅटला १ मीटरवर १०८ डेसिबल देतो असं धरा. त्याला ३० वॅट दिले तर १ मीटरवर सुमारे १२३ डेसिबल होतात. समोर, वारा नसताना, अंतराप्रमाणे आवाज असा उतरतो:

- १० मीटरवर सुमारे १०३ डेसिबल
- १०० मीटरवर सुमारे ८३
- २०० मीटरवर सुमारे ७७
- ४०० मीटरवर सुमारे ७१

मध्ये घरं, झाडं, उलटा वारा असेल तर याहून कमी. आता मशीन ६० वॅटचं आणलं तर ४०० मीटरवर ७१ चे ७४ होतील. शेवटच्या वस्तीला फारसा फरक पडणार नाही, पण भोंग्याखालच्या घराचे १०३ चे १०६ होतील. म्हणजे लांबच्याला ऐकू येत नाही आणि जवळच्याला राहवत नाही. वॅट वाढवण्यापेक्षा भोंगा उंच खांबावर चढवणं आणि त्याचं तोंड वस्तीकडं वळवणं स्वस्त पडतं आणि जास्त उपयोगाचं आहे.

पहाटेची काकडआरती शेजारच्या गावातून ऐकू येते आणि दुपारी तोच भोंगा वेशीवर विरतो, हेही सगळ्यांनी अनुभवलं असेल. पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळं आवाज खाली वळतो. दुपारी तापलेल्या जमिनीमुळं उलटं होतं, आवाज वर उडून जातो. महत्त्वाची सूचना सकाळी किंवा संध्याकाळी दिली तर त्याच मशीनमध्ये ती लांब पोचते.

शब्द का कळत नाहीत

मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'साठ' मधला 'स' वरच्या पट्टीचा, आणि वरच्या पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. भोंग्याच्या बाजूला किंवा मागं राहणाऱ्याला फक्त जाड गुणगुण ऐकू येते. म्हणून चार बाजूंना वस्ती असेल तर एका भोंग्याचे वॅट वाढवण्यापेक्षा एकाच खांबावर चार दिशांना चार भोंगे लावावेत आणि प्रत्येकाला थोडी-थोडी ताकद द्यावी.

गावाच्या दोन टोकांना दोन भोंगे लावले तर मधल्या माणसाला दोन्हींचा आवाज मागं-पुढं ऐकू येतो. १७ मीटरच्या फरकाला सेकंदाचा विसावा भाग लागतो. फरक त्याहून बराच जास्त आणि दोन्ही आवाज सारख्याच जोराचे असले की एका शब्दावर दुसरा शब्द चढतो. अशा वेळी सावकाश, दोन-दोन शब्द तोडून बोलणं हाच उपाय. समोर मोठी भिंत असेल तर तिथून परत येणारा आवाजही असाच घोळ करतो, भोंग्याचं तोंड थोडं वळवावं.

मशीनवर बेसचं बटण बोलण्यासाठी कमी ठेवावं, ट्रेबल थोडा वर. माईक तोंडापासून चार-सहा बोटांवर. तोंडाला चिकटवला की बेस वाढतो आणि 'प', 'भ' फुटतात. माईक शिट्टी मारतो कारण भोंग्याचा आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि फिरत राहतो. माईक भोंग्याच्या मागं ठेवला की शिट्टी थांबते. आणि आकडा सांगताना दोन तऱ्हेनं सांगावा: "साठ हजार, सहा-शून्य हजार." भोंगा खराब असला तरी माणसाचा जीव वाचायला एवढी काळजी पुरते.

लांब वायरीत वीज कुठं जाते

लाइनीच्या शेवटच्या मोटारीला व्होल्टेज मिळत नाही, हे दुखणं शेतकऱ्याला सांगायला नको. भोंग्याचंही तसंच आहे. मशीनपासून भोंगा २०० मीटरवर आहे आणि १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर जाऊन-येऊन ४०० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ७ ओहम. भोंग्याचं युनिट १६ ओहमचं. म्हणजे विजेचा जवळपास तिसरा हिस्सा वायर गरम करण्यात जातो आणि जवळ लावल्यावर ३० वॅट घेणाऱ्या युनिटला प्रत्यक्षात १५ वॅटच मिळतात.

महावितरण लांब वीज न्यायला व्होल्टेज चढवतं, कारण व्होल्टेज जास्त असलं की त्याच ताकदीला करंट कमी लागतो आणि तारेत नुकसान कमी होतं. भोंग्यासाठी हीच युक्ती १०० व्होल्ट लाइन या नावानं आहे. मशीनच्या मागं १०० व्होल्टचा टर्मिनल असतो आणि प्रत्येक भोंग्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर लावतात. ३० वॅटला मग ०.३ अँपिअरच करंट लागतो आणि त्याच वायरीत नुकसान दोन टक्क्यांच्या आसपास येतं. १०० व्होल्ट म्हणजे झटका बसणारी वीज, म्हणून मशीन बंद केल्याशिवाय जोडाला हात लावू नये.

१०० व्होल्ट लाइनवर हिशोब सोपा: सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. ट्रान्सफॉर्मर नसेल तर ओहम बघावे लागतात. १६ ओहमची दोन युनिटं समांतर जोडली की ८ ओहम, चार जोडली की ४ ओहम. ओहम जितके कमी तितका मशीनवर भार जास्त. मशीनवर लिहिलेल्या ओहमच्या खाली गेलं की मशीन तापतं आणि जातं. एका डीपीवर जास्त मोटारी चढवल्यावर जे होतं तेच.

कॉइल का जळते

आता मूळ दुखण्याकडं येऊ. मोटार जळते तेव्हा वाइंडिंग जळतं, स्पीकर जळतो तेव्हा कॉइल जळते. कारण एकच, उष्णता बाहेर जाण्यापेक्षा जास्त वेगानं तयार होते.

पहिलं कारण म्हणजे मशीन त्याच्या कुवतीबाहेर ओढणं. व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला की मशीनला विजेच्या लाटेचा शेंडा काढता येत नाही, शेंडा सपाट छाटला जातो. यालाच आपण आवाज फाटला म्हणतो. छाटलेल्या लाटेत उलट ताकद जास्त असते. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद देते. म्हणजे ३० वॅटचं मशीन पिळलं तर ६० वॅटपर्यंत जाऊ शकतं, आणि ३० वॅटचं युनिट जळतं. "मशीन तर छोटंच होतं, मग युनिट कसं गेलं?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. १२ व्होल्टची बॅटरी उतरली की मशीन लवकर फाटायला लागतं, म्हणून उतरलेल्या बॅटरीवर व्हॉल्यूम वाढवणं सगळ्यात वाईट.

दुसरं कारण, भोंग्याला बेसचं गाणं देणं. ३०० हर्ट्झच्या खाली कर्णा हवेचा नेट देत नाही, डायफ्राम मोकाट धावतो, थकतो आणि तडकतो. कर्णा काढून नुसतं युनिट जोरात वाजवलं तरी हेच होतं. गाणी लावायचीच असतील तर १६ ओहमच्या युनिटला ३३ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये लावतात, तो साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं अडवतो.

तिसरी गोष्ट, तापलेली कॉइल आवाजही कमी देते. तांब्याचा रोध तापल्यावर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांवर गेली की रोध जवळपास ७० टक्क्यांनी वाढलेला असतो. करंट घटतो, आवाज उतरतो. वाजवणाऱ्याला वाटतं आवाज कमी झाला, तो आणखी पिळतो. कॉइलचा चिकटा सुटतो, तार फुगते, फटीत अडकते. खेळ संपला.

कान आणि कायदा

कॉइल जळली तर रिवाइंडिंग होते, डायफ्राम बदलता येतो. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेचा दंडक असा आहे: ८५ डेसिबल रोज ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला १ तास, १०० डेसिबलला १५ मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं नाचणारी पोरं तासन् तास यापेक्षा जास्त आवाजात असतात. घरी आल्यावर कानात 'सूं' वाजतं तो कानाचा इशारा समजावा.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो वाजवता येत नाही, सार्वजनिक आपत्तीच्या सूचनेला मात्र सूट आहे. सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरचा शांतता भाग धरला जातो, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर करता येते.

पावसाळ्याआधी गावचा भोंगा असा तपासा

१. मशीन बंद करून युनिटच्या वायरी सोडा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. १६ ओहमचं युनिट १२ ते १४ दाखवतं, ८ ओहमचं ६ ते ७. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला करूनच मोजा.

२. डब्यातल्या कागदी स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस लाल टोकाला लावल्यावर पेपर बाहेर यायला हवा. एका डब्यातल्या दोन स्पीकरपैकी एक बाहेर आणि एक आत जात असेल तर एकाची जोडणी उलटी आहे, बेस त्यामुळंच मरतो.

३. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, पावसाचं पाणी आत साचत नाही. गांधीलमाशीचं पोळं किंवा चिमणीचं घरटं आत आहे का तेही बघा.

४. वायरीचे जोड उघडून घासा, हिरवट गंज चढला असेल तर कापून नवीन जोड करा.

५. १२ व्होल्टवर चालणारं मशीन आणि भरलेली बॅटरी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात कितीतरी गावांची वीज बंद होती, अशा वेळी मोबाईलचाही भरवसा नसतो. ३० वॅटचं मशीन पूर्ण जोरातही साधारण ४ ते ५ अँपिअरच खातं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ते तासन् तास चालतं.

६. एकानं माईकवर "आठ, साठ, सात, हात" म्हणावं आणि दुसऱ्यानं शेवटच्या वस्तीवर उभं राहून काय ऐकू आलं ते कागदावर लिहावं. चारही शब्द बरोबर आले तर भोंगा पास. नाही आले तर आधी तोंड, उंची, वायर आणि बेसचं बटण बघा. मशीन बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.